एअर-कूल्ड मॉडेल इंजिनाचा फिनवाला सिलिंडर: कामाचा क्रम, टूल आणि लायनरचा फिट

हाफनट

१० सीसी, चार स्ट्रोक, एक सिलिंडर, पेट्रोल आणि स्पार्क प्लग. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) २४, स्ट्रोक (पिस्टनची चाल) २२, म्हणजे हिशेबाने ९.९५ सीसी. सिलिंडर दोन तुकड्यांचा आहे: आत बिडाचा लायनर (पिस्टन ज्यात चालतो ती नळी), बाहेर ॲल्युमिनियमचं फिनवालं (थंड करणाऱ्या पातळ चकत्यांचं) जॅकेट. मापं सगळी मिमीमध्ये.

जॅकेट: एचई३० टी६ (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू), ५५ चा गोल बार. फिनचा बाहेरचा व्यास ५०, खाचेच्या तळाचा ३४. नऊ खाचा, प्रत्येक २ रुंद. मधल्या आठ फिन्स १.२ जाड. सर्वांत वरची ३ जाड, कारण तिच्यावर हेड बसतं. खाली ५ जाडीचा फ्लँज. एकूण उंची ३५.६.

लायनर: एफजी २६० बीड, बाहेरून २८, भिंत २, वर ३१ व्यासाची १.५ जाडीची कॉलर. खाली ८ मिमी भाग क्रँककेसमध्ये उतरतो.

चार एम३ स्टड (आटे असलेल्या काड्या) पीसीडी ४० वर (म्हणजे भोकांचे मध्य ४० व्यासाच्या वर्तुळावर), क्रँककेसपासून फिन्समधून आरपार हेडपर्यंत.

लेथ साडेचार फुटी, बेल्टवाला. लीडस्क्रू (कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) ६ मिमी पिचचा, डीआरओ (सरक दाखवणारा डिजिटल आकडा) नाही.

ठरवलेला क्रम असा: जॅकेटचा बोअर फायनल, लायनर बसवणे, २४ चा बोअर फायनल करून होन (दगडांनी घासून गुळगुळीत करणे), मग मँड्रेलवर (बोअरात घालून जॉब धरणारा दांडा) चढवून फिन्स, शेवटी स्टडची भोकं. यात काही बदलावं का? आणि २ च्या खाचेसाठी टूल कसं घासावं?

---

बिडाचा भुसा

मापं ठीक आहेत. क्रम जवळजवळ पूर्ण उलटा करा.

बोअर सगळ्यात शेवटी. ५० च्या बारमधून नऊ खाचा काढल्या की बाहेरचं निम्म्याहून जास्त धातू जातं. बारमध्ये कोंडलेला ताण सुटतो, शिवाय खाचा मारताना जॉब चांगला तापतो. आधी होन केलेला बोअर नंतर गोल राहीलच याची खात्री नाही. ०.०१ ने जरी लंबगोल झाला तरी पिस्टनच्या रिंगच्या कडेने प्रकाश दिसतो आणि कॉम्प्रेशन गळतं. लायनर बसवल्यावर जॅकेट त्याला आवळतं, तेव्हाही बोअर आकसतो. म्हणून २४ चं माप या दोन्ही गोष्टी उरकल्यावरच.

माझा क्रम:

बार ७० लांब कापा. तीन जॉच्या चकात २० आत, ५० बाहेर. फेस करा, ४२ लांबीवर ५० चा व्यास फायनल करा. आतून २५ चं ड्रिल, मग २७ पर्यंत बोअर, खोली ४० च्या पुढे. वरची बाजू टेलस्टॉककडे ठेवा, कारण कॉलरची बैठक त्याच सेटिंगमध्ये व्हायला हवी.

मग स्टडची भोकं. जॉब चकातून सोडायचा नाही, चकच जॉबसकट काढून ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर उभा करायचा. ६ मिमी जाडीची चकती करा, तिला खाली २७ चा स्पिगॉट (बोअरात बसणारा गोल उंचवटा), पीसीडी ४० वर चार ३.२ ची भोकं. हीच जिग (भोकांची जागा ठरवणारी चकती) पुढे हेडला आणि क्रँककेसला वापरा, म्हणजे चारही स्टड न अडखळता बसतात. तिच्यावर आणि तिन्ही तुकड्यांवर एकाच भोकाशी पंचाची खूण करून ठेवा.

चक परत लेथवर. २७ च्या बोअरात सेंटर मारलेला ॲल्युमिनियमचा बूच बसवून रिव्हॉल्व्हिंग सेंटरचा आधार द्या आणि नऊ खाचा मारा. जॉब पूर्ण थंड होऊ द्या.

बूच काढा. त्याच सेटिंगमध्ये जॅकेटचा बोअर फायनल करा, ३१ ची कॉलरची बैठक करा, वरचा फेस हलका घ्या. मग फ्लँजखाली १ जास्त ठेवून पार्ट करा (कापून वेगळं करा). जॅकेट एक्स्पांडिंग मँड्रेलवर उलटं चढवून खालचा फेस घ्या.

यानंतर लायनर, आणि सर्वांत शेवटी २४ चा बोअर.

---

अर्धा सूत

स्टडची भोकं आधी मारली तर खाच मारताना टूल एका फेऱ्यात चार वेळा भोकावर आदळेल. पातळ ब्लेडला हे कसं मानवेल? मी तरी फिन्स झाल्यावर मारली असती.

---

बिडाचा भुसा

@अर्धा सूत, शंका रास्त आहे, पण दुसरा रस्ता जास्त वाईट आहे. ३.२ चं भोक, खोली ३६, म्हणजे व्यासाच्या अकरा पट. आठ पातळ फिन्समधून जाताना ड्रिल दर वेळी २ मिमीच्या पोकळीतून निघून नवीन फिनवर टेकतं आणि थोडं सरकतं. खालच्या फ्लँजवर पोचेपर्यंत ते कुठे निघेल सांगता येत नाही. शिवाय ड्रिल बाहेर पडताना प्रत्येक फिनच्या खालच्या बाजूला बर (धातूची खरखरीत कड) येते, पातळ फिन खाली दबते, आणि २ च्या फटीत कुठलीही फाइल धड चालत नाही. चार भोकं, आठ फिन्स, बत्तीस ठिकाणची बर.

आधी मारलेल्या भोकांचा धक्का फक्त ४३.२ ते ३६.८ या व्यासांमध्ये बसतो. तिथे फीड निम्मा करा, क्रॉस स्लाइडची गिब (ढिलाई काढणारी पट्टी) नेहमीपेक्षा थोडी घट्ट ठेवा. ॲल्युमिनियममध्ये एवढ्यावर भागतं. खाचा झाल्या की तेच ३.२ चं ड्रिल हाताने भोकातून फिरवलं की आत आलेली बर निघते.

बिडाचा किंवा स्टीलचा अखंड सिलिंडर असेल आणि धक्का नकोच असेल, तर भोकांत त्याच धातूच्या काड्या रिटेनिंग कंपाउंडने चिकटवा. खाचा झाल्यावर टॉर्चने तापवून ठोकून काढा.

---

टेलस्टॉक

आता टूल. फिन्सचं निम्मं यश ग्राइंडरवर ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टूल १.६ चं घ्या, २ चं नको. खाच २ ची आणि टूलही २ चं असलं की चिप बरोबर खाचेच्या रुंदीची निघते, दोन्ही भिंतींना घासत वर येते आणि पाच-सहा मिमी खोलीवर अडकते. अडकली की पातळ फिन एका बाजूला ढकलली जाते, नाहीतर ब्लेड तुटतं. १.६ ने आधी खाचेच्या मध्यावर सरळ तळापर्यंत जा, मग दोन्ही बाजूंना ०.२ सरकवून दोन हलके कट. शेवटच्या कटात टूलच्या एकाच बाजूला धातू असतो, चिपला मोकळी जागा असते आणि भिंत गुळगुळीत निघते. वेळ जास्त लागतो, पण फिन वाकत नाही.

आकार असा. पुढची धार लेथच्या अक्षाला अगदी समांतर. पार्टिंग टूलची धार तिरकी ठेवायची सवय अनेकांना असते, म्हणजे तुकडा बर न राहता सुटतो. खाचेसाठी ती सवय घातक आहे. तिरक्या धारेवर दाब एका बाजूला येतो, ब्लेड खोल जाताना वळतं, आणि १.२ ची फिन टोकाला १.२ पण मुळाशी १.४ किंवा १.० निघते.

दोन्ही बाजू मागे निमुळत्या, प्रत्येकी १ अंश. ९.५ लांबीवर हा निमुळतेपणा एका बाजूला ०.१७ होतो, म्हणजे पुढे १.६ असलेलं ब्लेड मागे सुमारे १.२७ राहतं. यापेक्षा जास्त घासू नका, ब्लेड कमजोर होतं. वरून खालीही दोन्ही बाजूंना १ ते १.५ अंश क्लिअरन्स (जॉबला घासू नये म्हणून दिलेला उतार). पुढचा क्लिअरन्स ७-८ अंश. ॲल्युमिनियमसाठी वरचा रेक (धारेपासून मागे जाणारा उतार) ८ ते १० अंश, आणि धारेच्या मागे उथळ पन्हळ, जेणेकरून चिप आत वळून खाचेपेक्षा अरुंद होते. बिडासाठी रेक शून्य, पन्हळ नको.

पुढचे दोन्ही कोपरे स्टोनने ०.२ गोल करा. फिनच्या मुळाशी तीक्ष्ण कोपरा राहिला तर भेग तिथूनच सुरू होते.

कच्चा माल म्हणून जुनं पॉवर हॅक्सॉ ब्लेड उत्तम, पण ते अखंड एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) पाहिजे. हल्ली बरीच ब्लेडं बायमेटल असतात, त्यांच्यात फक्त दातांची पट्टी एचएसएसची, बाकी स्प्रिंग स्टील. मागच्या कडेवर फाइल फिरवून पाहा. फाइल धरली तर बायमेटल, घसरली तर अखंड. घासताना एचएसएस थोडं निळं पडलं तरी बिघडत नाही, पण लाल करून पाण्यात बुडवू नका, केसासारख्या भेगा पडतात.

ब्लेड होल्डरबाहेर ९.५ ते १० च निघू द्या. खाच ८ खोल आहे, उरलेलं चिपसाठी. उंची बरोबर सेंटरवर, वर अजिबात नको.

चौकोनात आहे का ते पाहायला निमुळत्या ब्लेडवर गुण्या चालत नाही. डायल गेज चकाच्या फेसवर बसवा, क्रॉस स्लाइड पुढेमागे करत ब्लेडची एक बाजू वाचा, मग दुसरी. दोन्हीकडे निमुळतेपणा सारखाच आला तर ब्लेड सरळ आहे.

---

नवशिका लेथवाला

एवढं घासण्यापेक्षा कार्बाइडचं एमजीएमएन १५० इन्सर्ट चालेल का? १.५ चं मिळतं.

---

टेलस्टॉक

चालेल, तीन अटींवर. होल्डर ८ मिमी खोल जाऊ देतो का ते इन्सर्ट लावून मोजा, काहींचा जबडा आधीच फिनला लागतो. बाजारात सहज मिळणारी इन्सर्ट्स स्टीलसाठी असतात, त्यांची धार बोथटलेली असते. ॲल्युमिनियमसाठी घासून चमकवलेली, कोटिंग नसलेली घ्या. आणि स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर कार्बाइडचा नाद सोडा, भोकांवरच्या धक्क्याने टोक उडतं. जुन्या लेथवर एचएसएस जास्त क्षमाशील आहे.

---

हाफनट

क्रम मान्य, बोअर शेवटी नेतो. स्पीड, फीड आणि खाचांमधलं अंतर कसं साधायचं? टॉप स्लाइड बेडला समांतर करून तिच्यानेच सरकवावं म्हणतो.

---

बिडाचा भुसा

एचएसएसने ॲल्युमिनियमसाठी ५० व्यासावर ३५० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५५ मीटर. पातळ ब्लेडला पुरे. तळाशी ३४ वर वेग आपोआप ३७ मीटरवर येतो, बदलायची गरज नाही. फीड फेऱ्याला ०.०३ ते ०.०४, हाताने. खूप हळू गेलात तर टूल कापण्याऐवजी घासतं आणि भिंतीवर धातू चिकटतो. दर दीड-दोन मिमीला पूर्ण बाहेर या, ब्रशने रॉकेल लावा. रॉकेलात थोडं साधं तेल मिसळलं तर धारेवर चिकटणं अजून कमी होतं. डबा लेथपासून लांब, ओतायचं नाही.

क्रॉस स्लाइडचा डायल त्रिज्या दाखवतो की व्यास, हे आधी एका तुकड्यावर तपासा. खाच त्रिज्येत ८ आहे. व्यास दाखवणाऱ्या डायलवर ती १६ वाचली जाते, आणि या गोंधळात टूल थेट २७ च्या बोअरात उतरतं. क्रॉस स्लाइडला स्टॉप असेल तर लावाच.

अंतराचं @टेलस्टॉक सांगतील, त्यांची पद्धत माझ्यापेक्षा नीट आहे.

---

टेलस्टॉक

टॉप स्लाइडने करायला हरकत नाही, पण तिची चाल ३० च्या वर पाहिजे, आणि तेवढी बाहेर काढली की ती डुलते. त्यापेक्षा कॅरेज सरकवा, टॉप स्लाइड आत ओढून गिब आवळून टाका.

बेडवर कॅरेज स्टॉप बसवा. स्टॉप आणि कॅरेज यांच्यात पट्ट्या ठेवून कॅरेज टेकवायचं, लॉक करायचं, खाच मारायची, एक पट्टी काढायची. पट्ट्या ३.२ च्या हव्यात: २ अधिक १.२. ३ च्या घासलेल्या पट्टीला ०.२ ची शिम (पातळ पत्रा) चिकटवली तरी चालते. आठ पट्ट्या पुरतात, नववी खाच थेट स्टॉपवर.

पट्ट्या नसतील तर ५० मिमी चालीचा डायल इंडिकेटर बेडला लावून वरच्या फेसपासून प्रत्येक खाच मोजा: ३, ६.२, ९.४, १२.६, १५.८, १९, २२.२, २५.४, २८.६. दर वेळी मागच्या खाचेपासून ३.२ मोजत गेलात तर चुका साठत जातात. दर वेळी शून्यापासून मोजा, आणि दर वेळी एकाच दिशेने येऊन थांबा, म्हणजे बॅकलॅश (स्क्रूमधला मोकळा खेळ) मध्ये येत नाही. हे आकडे खाचेच्या वरच्या कडेचे आहेत. १.६ च्या टूलचा मधला कट यांच्या ०.२ पुढे येईल, ते कागदावर आधीच मांडून ठेवा.

तुमचा लीडस्क्रू ६ चा आहे. फिनचा पिच ३.२ ऐवजी ३ केलात, म्हणजे खाच १.८, तर लीडस्क्रूचा बरोबर अर्धा फेरा एक खाच. मापनाचं ओझंच संपतं. पण खाच अरुंद करणं थंडपणाच्या दृष्टीने कसं, ते जाणकारांनी सांगावं.

एक युक्ती. नऊच्या नऊ खाचा आधी फक्त अर्धा मिमी खोल मारा. मग ९० अंशांच्या व्ही टूलने प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडा ०.२ ने मोडा. त्यानंतर पूर्ण खोली. फिन्स उभ्या राहिल्यावर कडा मोडायला गेलात तर पातळ फिन वाजते, वाकते, आणि बोटही कापते. आधी उथळ खाचांची रांग दिसली की मोजणीतली चूकही तिथेच पकडली जाते, तेव्हा ती सुधारता येते.

खाचा झाल्यावर ५० च्या व्यासावरून पुन्हा कट घेऊ नका. घ्यावाच लागला तर खाचांमध्ये सुतळी घट्ट गुंडाळा आणि ०.१ पेक्षा जास्त घेऊ नका. सुतळीची टोकं दाबून बांधा, लोंबतं काही चकाजवळ नको. हातमोजे तर नकोतच.

---

मंदवारा

खाचेच्या रुंदीबद्दल विचारलंय म्हणून.

इंजिन लहान करता येतं, हवा लहान करता येत नाही. मोटारसायकलचे फिन्स मोजून त्याच प्रमाणात छोटे केले तर खाच १ मिमीच्या आसपास येते, दिसायला सुंदर, कामाला निरुपयोगी. हवेचा एक थर प्रत्येक भिंतीला चिकटून संथ राहतो. प्रोपेलरची १० मीटर प्रति सेकंद हवा ५० मिमी लांबीवरून गेली की हा थर शेवटी सुमारे दीड मिमी जाड होतो. खाचेच्या दोन भिंती, म्हणजे दोन थर. खाच १ ची असेल तर बराचसा प्रवाह खाचेत न शिरता बाजूने निघून जातो. २ चांगली, १.८ चालेल. दीडच्या खाली जाऊ नका.

टेबलावर पंख्याविना, नुसत्या तापून वर जाणाऱ्या हवेवर चालवणार असाल तर गणित आणखी वेगळं. सिलिंडर हवेपेक्षा १०० अंश गरम आणि फिन ५० मिमीची धरली, तर सर्वांत फायद्याची फट ५ मिमीच्या जवळ येते. तिथे २ ची खाच अर्धीअधिक शोभेची. अशा इंजिनाला फ्लायव्हीलवर पाती लावा किंवा एका वेळी दोन-तीन मिनिटंच चालवा.

जाडीबद्दल बिनधास्त राहा. १.२ जाड आणि ८ लांब ॲल्युमिनियमची फिन मुळापासून टोकापर्यंत जवळपास एकाच तापमानाची असते, कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या पुढे. बिडाची उष्णता वाहण्याची ताकद ॲल्युमिनियमच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, तरी एवढ्या छोट्या फिनला ती ९५ च्या आसपास मिळते. म्हणजे १.२ ऐवजी ०.८ ची फिन करून थंडपणात काहीच पदरात पडत नाही, फक्त लेथवर फजिती वाढते.

तुमच्या रेखाटनात फिन्ससकट पृष्ठभाग सुमारे २३५ चौरस सेंमी होतो. फिन्स नसत्या तर ३४ व्यासाच्या साध्या नळीला ३८. सहापट वाढ आहे, १० सीसीला प्रोपेलरच्या वाऱ्यात भरपूर.

---

अर्धा सूत

मंदवारांचा मुद्दा पाहिला तर मग लायनर-जॅकेटची भानगड कशाला? अखंड बिडाचाच करा. ९५ आणि ९८ मध्ये काय मोठं अंतर! लायनर आणि जॅकेट यांच्यामधली फट उष्णतेला फिनपेक्षा जास्त अडवते.

---

बिडाचा भुसा

अखंड बीड हा चांगला पर्याय आहे, फक्त वजन वाढतं. टेबलावरच्या इंजिनाला मी तोच घेईन. अखंड ओतलेला बार घ्या, सुटं कास्टिंग असेल तर पहिला कट त्वचेखाली किमान दीड मिमी जाऊ द्या. वरची त्वचा कडक असते, वाळू असते, एचएसएसची धार एका फेऱ्यात जाते. बॅक गिअर लावून ५० व्यासावर ९०-१०० आरपीएम, कोरडं. तेल लावलंत की बिडाचा भुसा आणि तेल मिळून पॉलिशिंग पेस्ट तयार होते आणि बेडचे मार्ग खाते. बेडवर कागद अंथरा, काम झालं की भुसा व्हॅक्यूमने ओढा, हवेने उडवू नका.

बिडाची पातळ फिन वाकत नाही, तुटते. म्हणून बिडात जाडी १.५ ठेवा आणि कोपऱ्याची गोलाई ०.३.

१ ते अडीच सीसीच्या मॉडेल डिझेलांत शिसेमिश्रित ईएन१ए स्टीलचा सिलिंडर आणि त्यात बिडाचा लॅप केलेला पिस्टन ही जोडी फार जुनी आणि भरवशाची. तिथे रिंग नसते, फिन्सचं ॲल्युमिनियम जॅकेट वरून आट्यांवर बसतं.

---

टेलस्टॉक

अवांतर: अखंड धातूतून फिन्स काढणं ही मॉडेलवाल्यांची हौस नाही. पहिल्या महायुद्धाआधीच्या नोम ओमेगा या सात सिलिंडरच्या ५० अश्वशक्तीच्या विमान इंजिनाचे सिलिंडर निकेलमिश्रित स्टीलच्या अखंड फोर्जिंगमधून फिन्ससकट कातून काढत, भिंत अवघी १.५ मिमी. इंजिन स्वतःच गरगर फिरायचं, म्हणून हवेची अडचण नव्हती.

---

हाफनट

जॅकेट-लायनरवरच ठाम आहे, वजन कमी हवंय. मग २८ च्या लायनरला जॅकेटचा बोअर किती?

---

मंदवारा

ॲल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात २३ भाग फुगतं, बीड साडेदहा. फरक साडेबारा. २० अंशांवर बेताने सरकणारा फिट ठेवलात तर १५० अंशांवर २८ व्यासावर ०.०४५ ची फट पडते. ती फट म्हणजे हवेची गोधडी: लायनर आत तापतो आणि फिन्स मात्र कोमट. प्रत्यक्षात लायनर जॅकेटपेक्षा गरम असतो, त्यामुळे फट थोडी कमी पडते.

म्हणून थंड अवस्थेत आवळ (लायनर बोअरपेक्षा जितका मोठा, तो फरक) ०.०३५ ते ०.०४ ठेवा. लायनर २८.०० असेल तर जॅकेटचा बोअर २७.९६. ०.०६ च्या वर जाऊ नका. लायनरची भिंत २ चीच आहे, बोअर नको तितका दबेल.

---

बिडाचा भुसा

बसवताना: जॅकेट ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास. त्या तापमानाला २८ चा बोअर ०.११ ने मोठा होतो, म्हणजे आवळ वजा जाता ०.०७ ची मोकळीक मिळते. लायनर फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर दव पुसा. जॅकेट विटेवर ठेवा, लायनर सरळ वरून सोडा, कॉलर बैठकीवर टेकली की वजन ठेवा. हातात दोन-तीन सेकंद असतात. अर्ध्यात थांबला तर ठोकू नका, दोन्ही परत ओव्हनमध्ये, एकत्रच. पण लायनरही तापल्यावर मोकळीक ०.०२ च्या आसपासच उरते, तेव्हा आतून ओल्या कापडाने लायनर थंड करून मग ढकला.

२५० च्या वर तापवू नका, टी६ ची ताकद उतरायला लागते. गॅसच्या ज्योतीवर तर नकोच, एक बाजू आधी तापते आणि पातळ फिन्स वाकड्या होतात.

लायनरचा आतला व्यास बसवण्याआधी २३.५ ठेवा. कॉलरखालचा कोपरा ०.३ ने आत घ्या आणि बैठकीची कड मोडा, नाहीतर कॉलर कोपऱ्यावर बसते, हेड आवळताना वाकते आणि तुटते. बसल्यावर कॉलर वरच्या फेसच्या ०.०३ ते ०.०५ वर राहिली पाहिजे, म्हणजे हेडचा दाब तिच्यावर येतो.

आवळ करायची धास्ती वाटत असेल तर ०.०२ सैल फिट आणि लॉकटाइट ६२० (रिटेनिंग कंपाउंड). ते २३० अंशांपर्यंत टिकतं. उष्णतेला मात्र तो थर आडवा येतो, हा त्याचा तोटा.

---

नवशिका लेथवाला

आता शेवटचा बोअर करताना धरायचं कुठे? चकात फिन्स धरता येणार नाहीत ना.

---

टेलस्टॉक

नाहीच. स्टडची भोकं इथे दुसऱ्यांदा कामी येतात.

चकात ७० व्यासाची, १५ जाडीची ॲल्युमिनियमची चकती धरा. मध्ये २९ चं आरपार भोक करा, म्हणजे लायनरचा खालचा ८ मिमी भाग त्यात मोकळा राहील. जिग लावून चार एम३ आट्यांची भोकं पाडा. शेवटी चकतीचा फेस तिथल्या तिथे घ्या आणि त्यानंतर चकती चकातून हलवू नका. सिलिंडर त्या फेसवर बसवून चार लांब स्क्रूंनी आवळा, डायल गेज लावून लायनर ०.०१ पर्यंत मध्यावर आणा, ३.२ च्या भोकांत एम३ स्क्रूला तेवढी मोकळीक असते. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, हेडच्या स्टडइतकाच जोर. हेड बसवल्यावर सिलिंडर जसा ओढला जाणार, तसाच तो बोअर करताना ओढलेला राहतो.

खालचा फेस चकतीला टेकलेला असल्यामुळे बोअर त्याला आपोआप काटकोनात येतो. हा काटकोन चुकला तर पिस्टन एका बाजूला घासत राहतो आणि त्याचं खापर मात्र रिंगवर फुटतं.

१६ चा बोअरिंग बार, जितका आखूड चालेल तितका. २३.९ पर्यंत दोन-तीन कट, मग २३.९७ चा शेवटचा. शेवटच्या कटाआधी थांबा, जॉब थंड होऊ द्या. उरलेलं ०.०३ होनसाठी. गॅरेजवाले ब्रेकच्या सिलिंडरला वापरतात तो तीन दगडांचा होन १९ च्या वरच्या बोअरात जातो. तो पृष्ठभाग सुधारतो, निमुळता किंवा लंबगोल बोअर सुधारत नाही. तो दोष असेल तर बोअरच्या दीडपट लांबीचा, चिरलेला ॲल्युमिनियमचा लॅप (पूड लावून बोअर घासायचा दांडा) आणि ४०० मग ६०० ची सिलिकॉन कार्बाइड पूड. दोन्ही टोकांना लॅपचा एक तृतीयांश भाग बाहेर जाऊ द्या. त्यापेक्षा जास्त गेला तर बोअरची तोंडं मोठी होतात.

नंतर गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. रॉकेलने धुतल्यावर पूड बिडाच्या छिद्रांत राहते. पांढऱ्या कापडावर राखाडी उमटणं थांबेपर्यंत धुवा आणि लगेच तेल लावा, बीड दहा मिनिटांत गंजतं.

---

हाफनट

क्रम लिहून घेतला. एकच राहिलं: फिन्स काळ्या ॲनोडाइज करायच्या असतील तर कुठल्या टप्प्यावर?

---

बिडाचा भुसा

लायनर बसवण्याआधीच, कारण गंधकाम्लाच्या टाकीत बीड खाल्लं जातं. पण त्यात दोन अडचणी. थर बोअरवर चढला तर २७.९६ चं माप बदलतं, म्हणून बोअर आणि कॉलरची बैठक बूच लावून बंद करावी लागते. दुसरं, नंतर २०० अंशांना तापवलं की ॲनोडाइजच्या थरात बारीक तडे जातात. ते दिसायला वाईट, कामाला नाहीत. त्यापेक्षा सगळं झाल्यावर सायलेन्सरला मारतात तो उष्णतारोधक मॅट काळा रंग एक पातळ हात द्या. खाचेच्या तळाशी रंग साचू देऊ नका, वरचा फेस, खालचा फेस आणि बोअर टेपने झाका.

काळ्या रंगाने थंडपणा वाढेल ही आशा मात्र नको. फिनची उष्णता समोरच्या फिनवरच जाऊन पडते, बाहेर पडणारी फक्त कडांवरून. खरं काम हवेचंच.